पावडर फॅक्टरीची माती

मु. पो. नांदुरा
भाद्रपद वद्य पंचमी (इंग्रजी तारीख मुद्दामच घातलेली नाही.)

सन्माननीय व्याहीबुवा श्री. शालिग्रामराव यांना नांदुऱ्याहून नारायणाचा हात जोडून नमस्कार.

इकडे आम्ही उभयता बरे आहोत, म्हणजे डॉक्टर बरे म्हणतो. आपला डावा गुडघा कसा आहे? तेल चोळायला कोणी येत असेल तर तेल आपल्या डोळ्यांदेखत बाटलीतून काढायला लावावे. विहीणबाईंच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाल्याचे कळले. दुसऱ्याची घाई करू नये. पहिल्याने नीट दिसते का ते महिनाभर पाहावे, कारण दोन्ही एकदम करून टाकले की तक्रार करायला आधार उरत नाही. सौ. रुख्मिणीने त्यांना नमस्कार सांगितला आहे. (तिला हे पत्र ठाऊक नाही. नमस्कार ती नेहमीच सांगत असते, म्हणून लिहिला.)

आपण म्हणाल, घरोघरी फोन असताना चार पानी पत्र कशाला? तर गेल्या महिन्यात मी फोन खिशात ठेवून रुख्मिणीशी नुसते घराविषयी बोललो आणि संध्याकाळी त्याच फोनवर घरांच्या जाहिराती सुरू झाल्या. कोण ऐकते, कशासाठी ऐकते, ते आपण शोधू शकत नाही. दुसरे असे की आपला फोन अर्धा वेळ सूनबाईच्या हातात असतो आणि हा विषय तिच्याच घराचा आहे. म्हणून पत्र. वाचून झाल्यावर फाडू नका, लोक तुकडे जोडतात. चुलीत घाला. (आपल्याकडे चूल नाही हे आत्ता आठवले. गॅसवर धरू नका. जपूनच ठेवा.)

विषय आपणास माहीत आहेच. आमच्या स्टेशनाला लागून जी जुनी पावडर फॅक्टरी होती, जिथे कपाशीवर मारायची कीटकनाशक पावडर पोत्यांत भरली जायची आणि जिथे मी सतरा वर्षे मुकादम होतो, ती फॅक्टरी शहाण्णव साली बंद पडली. पंचवीस-तीस वर्षे त्या जागेत बाभळी आणि डुकरे यांशिवाय काही नव्हते. आता एका कंपनीने ती जागा घेऊन, माती साफ करून, तिथे नवी वसाहत उठवायला घेतली आहे. छपरांवर सूर्याची वीज, पावसाचे पाणी जमिनीत जिरवणार, सांडपाणी झाडांना, आणि स्टेशन चालत सहा मिनिटांवर. चि. शेखर आणि चि. वंदना दसऱ्याला त्यातल्या ड इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचे टोकन देणार आहेत. ते त्यांनी देऊ नये, आणि ते आपण थांबवावे, एवढ्यासाठी हा सारा कागद.

आपल्या मनात काय चालले असेल ते मला इथे बसून दिसते. नारायणरावाने मुलगी दिली आणि आता गुपचूप मुलगा ओढून नेतो आहे, असेच ना? मी आपल्या जागी असतो तर याहून वाईट समजलो असतो. पण खरे सांगतो, यात माझे काही कारस्थान नाही. जावईबापूंची नोकरी अकोल्याला आणि आपल्या बुलढाण्याला रेल्वे नाही, हा काही मी केलेला गुन्हा नाही. सकाळी अंधारात एसटी धरायची, घाट उतरायचा, रात्री परत घाट चढायचा. नात चार वर्षांची झाली आणि बापाला ती रविवारचा पाहुणा समजते. नांदुऱ्याहून अकोला रेल्वेने तास-सव्वा तास. हिशेब त्या दोघांनीच मांडला. मी तर पहिल्या दिवसापासून विरोधात आहे. मुलगी चार गल्ल्या पलीकडे राहायला येणार म्हटल्यावर कोणता बाप विरोध करील? मी करतो आहे, यावरूनच माझी सचोटी ओळखावी.

आता कंपनीविषयी माझे आक्षेप क्रमाने ऐका.

चैत्रात कंपनीने मंगल कार्यालयात जाहीर सभा घेतली. लोकांनी काही विचारण्याआधीच चहा आणि बिस्किटे वाटली. इथेच मी सावध झालो. आपल्याकडे चहा काम झाल्यावर देतात, आधी देतो त्याला काम करून घ्यायचे असते. मग प्राची नावाच्या इंजिनियर बाई उभ्या राहिल्या. वय तिशीच्या आत, बोलणे पुण्याचे, पण पायांत चिखलाचे बूट, म्हणजे निदान जागेवर जात असाव्यात. त्या म्हणाल्या की ही वसाहत रेल्वेभोवती आखली आहे. दुकान, दवाखाना, बालवाडी सगळे चालण्याच्या अंतरावर, त्यामुळे चार घरांमागे एकाच मोटारीची जागा ठेवली आहे. मी उठून विचारले, की उरलेल्या तीन घरांच्या मोटारी कुठे? त्या म्हणाल्या, काका, लागणारच नाहीत. आता मला सांगा, शालिग्रामराव, गिऱ्हाइकाला एखादी वस्तू लागणारच नाही असे विकणारा कधी सांगतो? जेव्हा त्याच्याकडे ती नसते तेव्हा.

सहा मिनिटांचे मी दुसऱ्याच दिवशी तपासले. फाटकापासून फलाटापर्यंत माझ्या घड्याळाने पावणेआठ मिनिटे लागली. (मध्ये एका ऑटोवाल्याने आडवी गाडी लावली होती, त्याला दोन शब्द सांगितले, तेही धरले आहेत. ऑटोवाले काय वसाहत झाल्यावर नाहीसे होणार आहेत?) येताना हातात पाच किलो ज्वारी घेऊन आलो तर साडेनऊ. हे मी लेखी कळवले. त्यांनी नकाशावर सहाचे 'सहा ते दहा' केले. एवढ्या लगेच ऐकतात, त्याचाही मला संशय आला.

एकूण त्या सभेत मी एकोणीस प्रश्न विचारले. भिंतींची जाडी विचारली. सांडपाणी झाडांना देणार तर झाडांनी नको म्हटल्यास काय, हे विचारले. पुढच्या पितृपक्षात नोंदणी करणाऱ्याला सवलत काऊन, हेही विचारले, कारण आपल्याकडे या पंधरवड्यात कोणी खराटाही विकत घेत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथल्या तिथे नागरिक दक्षता समिती काढून मला अध्यक्ष केले. नगरपालिकेसमोर आता कोणीही भेटले की 'अध्यक्ष, नमस्कार' म्हणते. नमस्कार करणारा कशासाठी करतो, ते मात्र प्रत्येक वेळी पाहावे लागते.

आता मातीचे सांगतो. ही गोष्ट आपल्या कानावर वेगळ्या रीतीने आली असेल, म्हणून मूळ मीच कळवतो.

वैशाखात कंपनीने फाटकाजवळची दोन-दोन फूट माती खरवडून ढीग घातले, वर निळे कापड टाकले, आणि ट्रक भरभरून ती माती कुठेतरी दूर, अशा मातीसाठीच बांधलेल्या पक्क्या खड्ड्यात पुरायला पाठवू लागले. म्हणाले, हिच्यात विष आहे. आता उन्हाळ्यात आपल्याकडे लोक काय करतात? तलाव आटला की गाळासाठी भांडतात आणि ट्रॉल्या भरभरून वावरात नेऊन टाकतात. माती न्यायची असते ती चांगली असली तरच. वाईट मातीला कोणी भाडे भरून फिरवून आणत नाही. आमच्या शेजारचा पुंजाजी भाजीवाला, ज्याची वांगी आपण मागच्या खेपेला वाखाणली होती, तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काऊन हो नारायणराव, फेकायच्या मातीले कोणी ताडपत्री झाकते काय? आपली काळी माती लुटून राह्यले हे लोक. तुमी तं सतरा वर्स होते तेथं, तुमीच सांगा."

मी सांगितले. मला ठामपणे ठाऊक होते की फाटकाजवळ आम्ही कधीही काही पुरले नव्हते. जे पुरायचे ते मागच्या बाजूला. मग फाटकाची माती विषारी कशी? याचा अर्थ कंपनी लबाड. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, खुशाल घेऊन जा. पुंजाजीने पहाटे दोन ट्रॉल्या नेल्या. गणेश मंडळाने कुंड्यांसाठी अर्धी नेली. आठ घमेली मी स्वतः आणली आणि तुळशीत, कढीपत्त्यात आणि मेथीच्या वाफ्यात घातली. कंपनीच्या पहारेकऱ्याने आम्हाला पाहिले, पण अध्यक्ष बरोबर असल्याने त्याला वाटले तपासणी चालू आहे.

पंधरा दिवसांनी पांढरे कपडे आणि नाकाला मुसके बांधलेली चार माणसे पुंजाजीच्या वाडीत आली आणि माती परत मागू लागली. पुंजाजीची बायको तानाबाई बांधावर उभी राहून म्हणाली, "माती कोठं परत देतात काय? पेरून राह्यली मी तिच्यात. पाहा, कोंब बी आले." तास दीड तास ते चालले. शेवटी प्राचीबाई स्वतः आल्या, तिथेच बांधावर बसल्या, तानाबाईच्या हातची भाकर खाल्ली (स्वतःच्या डब्यातल्या पाण्याने हात धुऊन, हे मी पाहिले) आणि शांतपणे समजावले. माती गेली, कोंब गेले, आणि कंपनीने गाळाच्या दोन ट्रॉल्या आणून टाकल्या. मग मंडळाच्या कुंड्या रिकाम्या करून मोर्चा आमच्याकडे. वृंदावनातली तुळस मातीसकट पिशवीत गेली, पिशवीवर नंबर पडला. रुख्मिणीने पिशवीला नमस्कार केला.

मी प्राचीबाईंना म्हणालो, फाटकाजवळ विष येईलच कसे, मी तिथला मुकादम होतो. त्यांनी विचारले, काका, पोती कुठे भरायचा? म्हटले, ट्रक लागायचे त्या धक्क्यावर. फाटलेल्या पोत्यांतले सांडायचे? म्हटले, सांडायचे, पण रोज संध्याकाळी मी धक्का लख्ख झाडून घ्यायचो, वजनकाट्यावरही कण राहू द्यायचो नाही. त्यांनी विचारले, झाडून कुठे लोटायचा? शालिग्रामराव, फाटकाकडे लोटायचो. सतरा वर्षे, रोज, स्वतः उभा राहून. त्यांच्या माती-तपासणीच्या नकाशावर फाटकाजवळ विषाचा तांबडा पट्टा होता, तो बरोबर माझ्या झाडूएवढा रुंद होता. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. न बोलण्यात काही डाव असेल म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली, पण तसे काही निघाले नाही.

असे असले तरी माझा विरोध कायम आहे. ड इमारतीचे तोंड दक्षिणेला आहे. जिना अरुंद आहे, आपला गुडघा तो चढणार नाही. रेल्वेच्या भोंग्याने नातीची झोप मोडेल. खालच्या मजल्यावर कोण राहायला येईल ते कोणी सांगत नाही. वंदनेने ते घर का निवडले, तर खिडकीसमोर कडुनिंब आहे. कंपनीने सगळ्या बाभळी काढल्या पण तो एक जुना निंब राखला. लहानपणी ती शाळेतून आली की घरून माझा डबा घेऊन यायची आणि आम्ही त्या निंबाखाली जेवायचो. मी आधी तीन वेळा हात धुवायचो, मगच तिला घास द्यायचो, हे तिला अजून आठवते. घर काय असे निवडतात? झाडाच्या सावलीवर कोणी घर घेते काय? आपण वडील आहात. शेखरला आपल्या शब्दाबाहेर जाता येत नाही. आपण नुसते 'मला पसंत नाही' म्हणा, कारण सांगू नका. कारण सांगितले की मुले ते खोडून काढतात. वाईटपणा आपल्याकडे येईल हे खरे, पण व्याही म्हणून एवढे केलेत तर मी जन्मभर विसरणार नाही.

विहीणबाईंना नमस्कार, नातीला आशीर्वाद. उत्तर पाठवाल तर पाकिटाला डिंक लावून वर चिकटपट्टी मारा.

आपला
नारायण

ता. क. वर लिहिले ते जरा जास्त झाले. ड इमारतीचे तोंड दक्षिणेला नाही, पूर्वेला आहे. जिना रुंद आहे आणि लिफ्टही आहे. मी सगळी जागा चार वेळा फिरून पाहिली. कामात खोट काढायला गेलो होतो, सापडली नाही. अ, ब आणि क या तिन्ही इमारतींत कुठेही घर घेतले तर माझी हरकत नाही. उलट आनंद आहे. संध्याकाळी गाडीची वेळ झाली की नातीला घेऊन फलाटावर जायचे आणि जावईबापू उतरले की तिघांनी चालत घरी यायचे, हे मी मनात किती वेळा केले ते लिहीत नाही. फक्त ड नको.

ता. क. दुसरा. ड का नको ते लिहायचे नाही असे ठरवून बसलो होतो. पाकीट चिकटवले आणि पुन्हा फोडले.

त्या निंबाजवळ एक विहीर होती. फॅक्टरीने खणली, तीस फूट गेली, पाणी लागले नाही, म्हणून कागदावर कधी आलीच नाही. फॅक्टरी बंद पडायच्या आधी माघात, शेगावच्या महाराजांच्या प्रगट दिनाला सगळे कामगार सुट्टीवर असताना, शेठ म्हणाले, खराब झालेल्या मालाची पिंपे आहेत, तेवढी मार्गी लाव. मी आणि सहदेव हमाल, दोघांनी दिवसाउजेडी त्रेचाळीस पिंपे त्या विहिरीत सोडली. नंतर आठवडाभर वरून मुरूम टाकला, थरावर थर, पाणी मारून, चोपून. काम इतके चोख केले की आज कंपनीने तिथे आठ फुटांचे भोक पाडून माती तपासली तर ती स्वच्छ निघाली. नकाशावर तो भाग हिरवा आहे. तिथे मुलांची बाग होणार, आणि बागेच्या मधोमध सगळ्या वसाहतीचे पावसाचे पाणी जिरवायचा खड्डा. म्हणजे ते पाणी पिंपांमधून उतरून गावच्या विहिरींना जाणार. सहदेव वारला. शेठही गेले. आता हे ठाऊक असलेला मी एकटा.

सभेत माझे एकोणीस प्रश्न झाल्यावर प्राचीबाईंनी आम्हा जुन्या माणसांना एकच प्रश्न विचारला होता, की कागदात नसलेले आणखी काही कोणाला माहीत आहे काय. मी वर पंख्याकडे पाहत राहिलो. त्यानंतर लोकांनी मला अध्यक्ष केले.

त्या पिंपांच्या दिवशीही वंदना डबा घेऊन आली होती. सात वर्षांची असेल. म्हणाली, "बाबा, काय टाकून राह्यले तुमी इथं?" मी म्हटले, जुने डबे. ती हसली. आपण सांगा, आता तिला मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून आपल्या तोंडून नकार घ्यायला निघालो होतो. माझ्या लबाडीचा वाईटपणा आपल्या माथी मारत होतो. मला याची लाज वाटते, शालिग्रामराव.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. शेखरला काही म्हणू नका. प्राचीबाई सोमवारी अकरा वाजता जागेवरच्या कचेरीत असतात. मी त्यांना 'भेटायचे आहे' एवढाच निरोप ठेवला आहे. सांगितल्यावर काम वर्षभर थांबेल, पोलीस येतील की नुसता पंचनामा होईल ते मला माहीत नाही, अध्यक्षपद तर जाईलच. वंदनेला त्याच संध्याकाळी मी स्वतः सांगेन. आपण त्या दिवशी सकाळच्या सातच्या एसटीने या, मी स्टँडवर उभा असेन. आपल्याला एक शब्दही बोलायचा नाही, नुसते माझ्याजवळ खुर्चीवर बसायचे आहे. एकटा गेलो तर मी पुन्हा प्रश्नच विचारून परत येईन.